वाकणातली पूररेषा

ऑफिसात त्यांना सगळे रेघमास्तर म्हणायचे. मास्तरकीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. नद्या, कालवे आणि बंधारे बघणाऱ्या खात्यात ते अनुरेखक होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पातळ मेणकापडाखाली ठेवायचा आणि वरून शाईनं जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. तिसऱ्या मजल्यावर उत्तरेकडे खिडक्या असलेली लांबलचक खोली होती. तिथं उतरत्या पाठीची सहा टेबलं आणि सहा उंच स्टुलं. चूक झाली की दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं शाई अलगद खरवडायची आणि ती जागा नखानं घोटायची, म्हणजे वर पुन्हा काढलेली रेघ फुटत नाही. रेघमास्तरांचं ब्लेड मात्र सहा-सहा महिने चालायचं. त्यांचा हात असा की पट्टीनं लाजावं.

स्वभावानं माणूस अगदीच सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वडील लवकर गेले, तेव्हा धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. तिला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, आणि एका चष्मेवाल्याशी तिचं लग्न लावून दिलं. चष्मेवाला मोठा हसरा होता. "तुमच्या दादांनी बारीक रेघा काढून डोळ्यांची वाट लावावी आणि मी त्यांना चष्मा द्यावा," असं तो बायकोला म्हणायचा, "असं आमचं घर चालतंय."

रेघमास्तरांनी आयुष्यात शेकडो नकाशे उतरवले, पण पायाखाली घातलेली नदी एकच. तिला कागदोपत्री वेगळं नाव होतं. लोक मात्र तिला बारकी म्हणत. चोवीस वर्षांचे असताना खात्यानं त्यांना तिच्या मोजणीवर पाठवलं. मोजणी पथकातला लिहिणारा माणूस आजारी पडला आणि अक्षर चांगलं म्हणून यांची पाठवणी झाली. पथक म्हणजे तरी कोण, निवृत्तीला आलेले एक म्हातारे मोजणीदार, मोजणीची साखळी ओढणारे दोन गडी आणि हे. सात आठवडे त्यांनी नदी उगमापासून संगमापर्यंत चालून काढली.

बारकी जेमतेम एक्केचाळीस किलोमीटरची. उत्तरेकडे एक खडकाळ पठार आहे, त्याच्या कुशीत लव्हाळ्यांचा खळगा आहे, आणि त्या खळग्यात तीन झरे. उन्हाळ्यात तिथं नुसता चिखल दिसतो. पण कान लावला की खालून पाणी बोलल्यासारखं ऐकू येतं. पहिले चार किलोमीटर तिला कुणीही उडी मारून ओलांडावं. पुढं ती काळ्या खडकावरून जाते. खडकात पाण्यानं रांजणासारखे गोल खड्डे कोरलेत. मग पुरुषभर उंचीवरून ती खाली पडते आणि एकदम सुस्तावते. सपाट कुरणांतून इतक्या वेड्यावाकड्या वळणांनी जाते की सकाळी तिच्या काठानं निघालेल्या माणसाला दुपारी पुन्हा तेच झाड दिसावं. डावीकडून एक गढूळ ओढा येऊन मिळतो, उजवीकडून एक स्वच्छ. पुष्कळ अंतर दोघांचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, एकाच पात्रात दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. मग पाच कमानींचा दगडी पूल, मग गाव, जिथं खात्याचं ऑफिस आणि रेघमास्तरांचं घर होतं. गाव संपल्यावर एक बुटकी टेकडी आडवी येते आणि बारकी तिला वळसा घालते. त्या वळणाच्या पोटात सपाट जमीन आहे, मऊ गाळाची. तिला वाकण म्हणतात. वाकणापासून दोन किलोमीटरवर ती थोरल्या नदीला मिळते आणि संपते.

त्या काळी वाकणात एक म्हातारी भाजी लावायची. तिच्या मळ्याच्या कडेला चुन्याची पडकी भट्टी होती. मोजणीदारांनी म्हातारीला विचारलं, "आजी, पाणी कुठवर येतं?"

तिनं भट्टीच्या भिंतीवर हात ठेवला. तिच्या डोक्याच्याही वर. "इथवर. माझ्या लग्नाच्या आधी एकदा आलं, नंतर एकदा. पण ते बारकीचं नव्हे हो. थोरली फुगली की हिला जायला वाट राहत नाही. मग ही मागं वळते. पाणी खालून वर येतं, उलटं. आवाज नाही, काही नाही. तुम्ही समोर नदीकडे बघत बसाल आणि ते तुमच्या पाठीमागून येईल."

मोजणीदारांनी दुर्बीण लावली, त्या खुणेची उंची घेतली आणि पूररेषा भट्टीच्या वरून, थेट टेकडीच्या पायथ्यानं नेली. सगळं वाकण रेषेच्या आत. संध्याकाळी तंबूत ते रेघमास्तरांना म्हणाले, "नदी आज जिथं आहे तेवढाच तिचा नकाशा काढला, तर तो अर्धाच झाला. ती जिथं कधीतरी येऊन गेली, तेही तिचंच." रेघमास्तरांनी ते वाक्य मोजणीच्या वहीत लिहूनही ठेवलं होतं. ऑफिसात परतल्यावर बारकीचा नकाशा शाईनं त्यांनीच उतरवला. त्यांच्या हातून सही झालेलं पहिलं मोठं काम ते.

मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. मोजणीदार वारले, म्हातारी वारली, वाकणातल्या मळ्याचं रान झालं. थोरल्या नदीवर वरच्या अंगाला धरण झालं. एके दिवशी साहेबांनी रेघमास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बारकीचा जुना नकाशा पसरलेला होता आणि त्यावर पेन्सिलीनं एक नवी रेघ काढलेली होती. वाकणात ती काठापासून पन्नास पावलांवरून गेली होती.

"ही रेष बदलायची आहे," साहेब म्हणाले. "धरण झाल्यावर जुन्या हिशेबाला अर्थ नाही. नवीन गणित आलंय. नवीन कापड घेऊ नका, याच्यावरच दुरुस्ती करा. परवापर्यंत हवंय."

रेघमास्तर म्हणाले, "साहेब, तिथं फुगवट्याचं पाणी येतं. मी स्वतः खूण बघितलीय. भट्टीवर..."

"कधीची खूण?"

"जुनी आहे, साहेब. पण धरण भरलं आणि दारं उघडली तर..."

"मास्तर," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही रेषा आखता. ती कुठून जाणार हे ठरवायला आम्ही आहोत ना? डोक्याला ताप करून घेऊ नका."

वाद घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते नकाशा काखेत मारून खोलीत आले, दिवा ओढून घेतला आणि अर्धं ब्लेड हातात घेतलं. स्वतःच काढलेली रेष खरवडायला त्यांना पूर्ण दुपार लागली. शाई इतकी मुरलेली होती की कापड फाटेल की काय असं वाटत होतं. मग नखानं जागा घोटली, नवी रेष काढली आणि खालच्या चौकटीत ‘अनुरेखन’ या शब्दापुढं सही केली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावून म्हणाला, "वा मास्तर! कुणाच्या बापाला कळणार नाही की इथं आधी काही होतं."

घरी ते जेवले नाहीत. बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना. तुम्ही बोललात, त्यांनी ऐकलं नाही. आपण काय करणार?" आणि तो विषय तिथं मिटला.

दोन वर्षांत वाकणात घरं उभी राहिली. चार-चार मजल्यांची नाहीत, छोटी दुमजली, पुढं हातभर बाग असलेली. रुंद रस्ते, नवी झाडं. लोकांना टेकडीची सावली आणि नदीचा वारा आवडला. आणि एका रविवारी बहीण आणि चष्मेवाला हसत हसत दारात उभे राहिले. त्यांनी वाकणात घर घेतलं होतं. तळमजला.

"पुढच्या खोलीत दुकान, मागं आम्ही," चष्मेवाला म्हणाला. "आता भाडेकरूपणा संपला, दादा."

रेघमास्तर "छान, छान" म्हणाले आणि पाणी आणायला म्हणून आत गेले. बायको त्यांच्या मागोमाग आली. तिनं आवाज दाबून विचारलं, "सांगणार आहात की नाही?"

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत तेच! सख्खी बहीण आहे तुमची."

ते बाहेर आले. "तळमजलाच का घेतलात? वरचा मिळाला नाही का?"

"गुडघे दुखतात रे याचे आतापासून," बहीण म्हणाली.

"नाही, म्हणजे... नदी जवळ आहे. कधी पाणीबिणी..."

बहीण खळखळून हसली. "दादा, तूच असं म्हणतोस? अरे, विकणाऱ्याच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लावलाय. त्यात पूररेषा कुठल्या कुठं लांब आहे. याला आधी जरा शंका वाटत होती. पण मी खाली सही बघितली आणि म्हटलं, आता डोळे मिटून घेऊ. आमच्या दादाच्या हातचा नकाशा आहे, केसाइतकाही चुकायचा नाही."

बायको दाराला धरून उभी होती. रेघमास्तरांच्या तोंडाशी सगळं आलं होतं, भट्टी, म्हातारी, ब्लेड. त्यांनी बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. नऊ वर्षांची असताना शाळेत पहिला नंबर आला म्हणून सांगत आली होती तेव्हा ती अशीच दिसत होती.

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले.

ती दोघं गेल्यावर बायको त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर नऊ पावसाळे गेले. पाणी आलं नाही. पावसाची झड लागली की रेघमास्तर काहीतरी निमित्त काढून वाकणात जायचे. कधी चष्म्याचा स्क्रू ढिला झालेला असायचा, कधी भाचीला पुस्तक द्यायचं असायचं. तिथून परस्पर संगमावर जाऊन थोरलीचं पाणी बघून यायचे. हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं, साहेबांचंच खरं असेल. धरण आहे, गणित आहे, म्हातारीच्या हाताची उंची ती काय! अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. तोवर ऑफिसात संगणक आले होते आणि उतरत्या पाठीची टेबलं भंगारात गेली होती. निरोपाच्या भाषणात नवीन साहेबांनी त्यांच्या अचूक हाताचं कौतुक केलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. लोकांना वाटलं, माणूस विनयशील आहे.

त्रेसष्टाव्या वर्षी ते घडलं. वरच्या मुलखात चार दिवस पाऊस कोसळत होता. गावात मात्र नुसती भुरभुर होती. धरण काठोकाठ भरल्याचं रेडिओवर ऐकलं आणि रेघमास्तर भरदुपारी छत्री घेऊन वाकणात गेले. चष्मेवाला काचा घासत बसला होता.

"आजच्या दिवस आमच्याकडे चला," ते म्हणाले. "दोघंही. आत्ताच."

"का हो? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"धरणाचं पाणी सोडणार आहेत."

चष्मेवाल्यानं खिडकीबाहेर बोट केलं. बारकी आपल्या पात्रात शहाण्यासारखी वाहत होती. "हे बघा, काठालासुद्धा टेकलेलं नाही. आणि दादा, तुमच्याच नकाशात इथं पाणी येत नाही. स्वतःच्या कामावर तरी विश्वास ठेवा!"

त्या वेळी बोलले असते तर. हा विचार पुढं त्यांनी किती वेळा केला असेल, त्याला गणती नाही. पण ते म्हणाले, "खबरदारी म्हणून म्हणतोय." बहीण आतून म्हणाली, "उद्या सकाळी दोन गिऱ्हाइकं यायची आहेत रे. ती झाली की येतो. तुझी भाची तर तिकडं हॉस्टेलवरच आहे. तू घरी जा बघू, पाय भिजलेत बघ किती!"

ते घरी आले. सकाळी सातला पुन्हा निघाले तेव्हा टेकडीवरूनच त्यांना दिसलं. बारकी उलटी वाहत होती. संगमाकडून चहाच्या रंगाचं पाणी चढत होतं, लाटा नाहीत, खळखळ नाही. वाकणातली माणसं नदीकाठच्या रस्त्यावर उभी राहून पात्राकडं बघत होती आणि पाणी मागच्या गल्ल्यांमधून त्यांच्या घरांत शिरत होतं. रेघमास्तर ओरडत खाली धावले. बहिणीच्या दारात पोचेपर्यंत गुडघाभर झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिला जिन्यात ओढून घेतलं होतं. "हा मागं गेलाय!" ती किंचाळत होती. "शेजारच्या घरात आजोबा एकटे आहेत, त्यांना उचलून आणतो म्हणाला!"

आजोबा वाचले. चष्मेवाल्यानं त्यांना कौलांवर चढवलं, ते पुष्कळांनी बघितलं. परत येताना मधली कुंपणाची भिंत त्याच्या अंगावर पडली. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी तो त्या भिंतीखाली सापडला. वाकणातली आणखी सहा माणसं त्या दिवशी गेली.

चिखल उपसण्यात तीन आठवडे गेले. एका सकाळी रेघमास्तर फावड्यानं दुकानातला गाळ काढत होते. बहीण उंबऱ्यावर बसून चष्म्याच्या काचा एकेक करून बादलीत धूत होती. वर न बघता तिनं विचारलं, "दादा, तू आदल्या दिवशी आलास. तुला माहीत होतं?"

ते फावडं टेकून उभे राहिले. "हो."

"कधीपासून?"

"तुम्ही घर घ्यायच्या आधीपासून." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. साहेबांचं बोलणं सांगितलं, पण त्यांच्या अंगावर ढकललं नाही. आपण त्या रविवारी काय म्हणालो तेही सांगितलं.

तिनं हातातली काच बादलीत सोडली. "तो माझं ऐकून तयार झाला," ती म्हणाली. "मी तुझं नाव सांगितलं म्हणून." नंतर अगदी हळू आवाजात, "तू जा."

"गाळ काढून..."

"फावडं ठेव आणि जा, दादा."

चौकशी बसली. रेघमास्तरांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी होतं ते सांगितलं. जुने साहेब केव्हाच वारले होते. नव्या गणिताचा कागद कुठंच सापडला नाही, साहेबांची पेन्सिलीची रेघ तर खरवडताना यांनीच पुसली होती. उरली होती ती फक्त चौकटीतली सही. अहवालात एक ओळ आली: ‘अनुरेखकाच्या हातून झालेली चूक’. वर्तमानपत्रानं तीच उचलली. गल्लीतली माणसं त्यांना बघून बोलणं थांबवू लागली. बायको संतापली. "तुम्ही वर लिहा! कोर्टात जा! तुम्ही ठरवलं होतंत का ते?"

"हात माझाच होता ना," ते म्हणाले.

"हात! साहेबाचं तोंड नव्हतं का?"

"साहेबाला म्हातारी माहीत नव्हती. मला माहीत होती."



पाऊस उघडल्यावर त्यांनी पिशवीत दोन सदरे, एक वही, मोजायची फीत आणि पाण्याची पातळी बघायची काचेची नळी भरली आणि बसनं पठारावर गेले. तीन झऱ्यांपासून त्यांनी चालायला सुरुवात केली. या वेळी बरोबर कुणी नव्हतं. चाळीस वर्षांत बारकीही बदलली होती. खडकातले रांजण खडी काढणाऱ्यांनी फोडले होते. कुरणांतली वळणं बुलडोझरनं सरळ केली होती. त्यामुळे जे पाणी पूर्वी दोन दिवस रेंगाळत यायचं, ते आता काही तासांत गावात पोचत होतं. स्वच्छ ओढा कोरडा पडला होता, गढूळ ओढा तेवढा उरला होता. ते घराघरांत जाऊन विचारायचे, "पाणी कुठवर आलं होतं?" लोक भिंतीवरचा चिखलाचा पट्टा दाखवायचे, झाडाला अडकलेलं गवत दाखवायचे. ते उंची घ्यायचे, वहीत लिहायचे, शिळेपाके चार घास खाऊन पुढं निघायचे. गुडघे सुजले. एका गावात ताप भरला, तेव्हा शाळेच्या पडवीत आठ दिवस पडून होते. बायको न्यायला आली तर म्हणाले, "अजून अकरा किलोमीटर राहिलेत." ती कपाळाला हात लावून परत गेली आणि दर रविवारी डबा घेऊन येऊ लागली.

सगळ्यात शेवटी वाकण. तिथं त्यांना ओळखणारे होते. एकानं तोंडावर दार लावलं. एकानं पायरीवरून ढकललं; त्याची आई गेली होती पुरात. रेघमास्तर उठले, पडलेली फीत गुंडाळली आणि पुढच्या घरी गेले. बहिणीच्या घरी गेले नाहीत. तिथली उंची त्यांना माहीतच होती.

घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा काढला. हात आता थरथरायला लागला होता. रेघ पूर्वीसारखी येत नव्हती, पण होती जागच्या जागी. नकाशा घेऊन ते खात्यात गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत आता काचेच्या केबिनी होत्या. तरुण साहेब भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, नकाशा लक्षपूर्वक बघितला. "काम फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण आम्हाला हे वापरता येणार नाही. खात्याची मोजणी नाही ही. आमची नवी मोजणी मंजूर झाली की..."

"तोवर ठेवून तरी घ्या."

त्यानं ठेवून घेतला. कपाटात.

मग रेघमास्तरांनी प्रती काढल्या आणि वाकणात घरोघर वाटायला सुरुवात केली. काहींनी घेतल्या. काहींनी त्यांच्या देखतच फाडल्या. "आधी चुकीचा नकाशा काढून माणसं मारलीत," एकजण म्हणाला, "आता खरा काढून आमची घरं मातीमोल करताय?" त्यांनी मान डोलावली, कारण तो म्हणत होता त्यातली दोन्ही वाक्यं खरी होती.

बहीण तोवर त्याच घरात परत आली होती. दुसरीकडे जायला तिला ठाव नव्हता. भाचीनं गावातल्या शाळेत नोकरी धरली होती. दार भाचीनंच उघडलं. "मामा," ती म्हणाली आणि बाजूला झाली, आत या म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही.

बहीण पुढं आली. वर्षभरात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. तिनं नकाशा हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि आपलं घर शोधलं. घर रेषेच्या पार आत होतं; रेष लांब, टेकडीला चिकटून होती.

"पुन्हा येईल?"

"येईल. कधी ते सांगता येत नाही."

"किती?"

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. डोक्याच्या वर.

तिनं नकाशाची घडी घातली. "मग मी कुठं जाऊ, तेही काढायचं होतंस की यात."

ते उभेच राहिले. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात ती येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळानं ते वळले आणि फाटकापर्यंत आले. मागून भाचीचा आवाज आला, "मामा, आई म्हणतेय, मागच्या नळाचं पाणी थांबत नाहीय. बघता का?"

त्यांनी नळ बघितला. वायसर झिजलं होतं. दुसऱ्या दिवशी नवं आणून बसवलं.

तेव्हापासून ते दर बुधवारी जातात. पुढच्या खोलीत बसतात. ती खोली आता रिकामीच आहे. भाचीच्या शाळेचं, शिंपीणबाईंच्या दम्याचं, भाज्यांच्या भावाचं बोलणं होतं. त्या विषयावर कुणी बोलत नाही. त्यांना क्षमा मागायची असते, पण ती मागितली की बहिणीला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून ते गप्प बसतात. दोन वर्षांनी खात्याची नवी पूररेषा जाहीर झाली. ती जुन्या रेषेच्या आणि रेघमास्तरांच्या रेषेच्या बरोबर मधोमध होती. बहिणीचं घर तिच्या बाहेर राहिलं. पलीकडे नवी घरं बांधायला परवानगी मिळाली.

परवाच्या पावसात चौथा दिवस उजाडला तेव्हा रेघमास्तर वाकणात गेले. दारात छत्री झटकत उभे राहिले. बहिणीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, आत जाऊन पिशवी भरली, मीटरचं बटण बंद केलं आणि घराला कुलूप लावलं. भाची शाळेतून परस्पर येणार होती. दोघं टेकडीच्या वाटेनं चढू लागले, ती पुढं, ते चार पावलं मागं. चढावर त्यांना धाप लागली. ती थांबली, पण मागं वळली नाही. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग पुढं चालू लागली.